इंटरनेट नसलेल्या गावात संगणक लावताना

कोकणात मे महिना संपत आला की घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. तांदूळ, डाळी, मीठ, सुकी मासळी, सरपण हे सगळे पहिल्या पावसाआधी घरात येऊन पडावे लागते, कारण ओढ्याला पाणी आले आणि वाट बंद झाली की राहिलेली वस्तू आणायला जाता येत नाही. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी संगणक लावायचा असेल तर विचार याच रीतीने करावा लागतो. यंत्र तेच असते, पण त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट आधी आठवून, आणून, तपासून ठेवावी लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाच्या वाचनालयात असा संगणक लावण्याचे आणि पुढे तो सांभाळण्याचे काम मी करत आलो आहे. त्या अनुभवावरून, ज्यांना हे काम प्रथमच करायचे आहे त्यांच्यासाठी पुढील टप्पे लिहीत आहे. शाळा, ग्रामपंचायत, बचतगट किंवा घरचा संगणक यांनाही ते जसेच्या तसे लागू पडतील.

पहिला टप्पा: कामांची यादी

संगणक विकत घेण्याआधी एका वहीत त्यावर होणारी कामे लिहून काढावीत. आमच्या वहीत पत्रे व अर्ज टंकणे, सभासदांची व वर्गणीची नोंद, मुलांना पाठ्यपुस्तके व संदर्भ वाचायला देणे आणि छपाई एवढ्याच नोंदी होत्या. यांपैकी एकाही कामाला मुळात इंटरनेट लागत नाही, हे वहीत लिहिल्यावरच लक्षात येते. ज्या कामांना ते खरोखर लागते, उदाहरणार्थ सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरणे किंवा पैसे पाठवणे, त्यांची वेगळी यादी करावी आणि ती तालुक्याच्या फेरीसाठी राखून ठेवावी. ही वही फेकू नये. पुढे सगळे काम तिच्यावरच चालते.

दुसरा टप्पा: यंत्र आणि कार्यप्रणाली

वीज वारंवार जाणाऱ्या गावात टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप बरा, कारण त्याची बॅटरी हीच त्याची राखीव वीज असते. डेस्कटॉपच घ्यायचा असेल तर सोबत यूपीएस घ्यावा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस तासभर काम करू देत नाही, पण चालू काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती उसंत देतो आणि त्याचे काम तेवढेच आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम), निवडताना मात्र घाई करू नये. विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेटची जोडणी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागतो, त्यामुळे खोके गावात नेऊन उघडले तर पहिल्याच पडद्यावर अडकायला होते. शिवाय अशा खात्याने प्रवेश केला की अनेक लॅपटॉपवर डिस्कचे कुलूपबंदीकरण (एन्क्रिप्शन) आपोआप सुरू होते आणि त्याची पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात, म्हणजे इंटरनेटवर, ठेवली जाते. एखाद्या दिवशी संगणकाने ती किल्ली मागितली आणि जवळ नेट नसेल, तर आपल्याच फायली आपल्याला उघडता येत नाहीत. म्हणून ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. कार्यालयीन कामासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी घेतली असेल तर ती प्रणालीही महिन्यातून एकदा तरी इंटरनेटवर हजेरी मागते, आणि ती न मिळाल्यास फाइल वाचता येते पण बदलता येत नाही.

माझा कल लिनक्स मिंट या कार्यप्रणालीकडे आहे. ती विनामूल्य आहे, खाते मागत नाही, जुन्या यंत्रावरही चालते आणि तिच्यासोबत कार्यालयीन कामाचे लिबर ऑफिस, फायरफॉक्स हा ब्राउझर व ईमेलसाठीचे थंडरबर्ड आधीच येतात. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे त्यावर चालणारे कितीतरी धडधाकट संगणक लोक काढून टाकत आहेत. असे यंत्र गावातल्या वाचनालयाला उत्तम कामाला येते. तरीही एखादे काम विंडोजवरच चालणाऱ्या प्रणालीने करायचे असेल, तर विंडोज ठेवण्यात काही गैर नाही. वरच्या अडचणी आधी सोडवून घ्याव्यात एवढेच.

तिसरा टप्पा: बेगमीचा दिवस

आता यंत्र घेऊन तालुक्याला किंवा शहरात, चांगले इंटरनेट असलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी जावे आणि एक पूर्ण दिवस त्यासाठी काढावा. त्या दिवशी क्रम असा ठेवावा: आधी कार्यप्रणाली आणि तिचे सर्व अद्ययावतीकरण, मग प्रिंटर व इतर जोडउपकरणांची चालक प्रणाली म्हणजे ड्रायव्हर, मग कामाच्या प्रणाली आणि शेवटी वाचनसामग्री. प्रिंटर विकत घेतलेला असेल तर तो सोबत न्यावा आणि तिथेच एक पान छापून पाहावे.

येथे एक सापळा आहे आणि नवखा माणूस त्यात हमखास अडकतो. अनेक प्रणालींच्या संकेतस्थळावर मिळणारी छोटीशी, दोन-चार एमबीची फाइल ही खरी प्रणाली नसते. ती चालवल्यावर उरलेला भाग इंटरनेटवरून ओढून घेते, त्यामुळे पेनड्राइव्हवर नेलेली अशी फाइल गावात निरुपयोगी ठरते. आकार पाहावा, आणि ‘पूर्ण’ किंवा ‘ऑफलाइन’ असे लिहिलेली आवृत्ती शोधून तीच उतरवावी. लिबर ऑफिसचेही एक बारीक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे: विंडोजवर त्याचे मदतपुस्तक वेगळ्या फाइलमध्ये येते. ते सोबत बसवले नाही तर मदतीची कळ दाबल्यावर संगणक इंटरनेट शोधू लागतो.

ज्या ज्या प्रणाली बसवल्या त्यांच्या मूळ फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात, कारण सहा महिन्यांनी डिस्क बिघडली तर सगळे पुन्हा बसवावे लागते. कार्यप्रणालीचा पेनड्राइव्हही पुसू नये. तो आगीच्या बंबासारखा भिंतीला टांगून ठेवावा.

चौथा टप्पा: मराठी टंकलेखन

वेबपानावर रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना इंटरनेट तुटल्यावर प्रथम याच ठिकाणी ठेच लागते, कारण ती सोय दूरच्या संगणकावर चालत असते. म्हणून कळफलक संगणकातच असला पाहिजे. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील भाषांच्या यादीत मराठी जोडावी, लिनक्स मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआउट्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला प्रमाण, आराखडा जोडावा. हे दोन्ही बेगमीच्या दिवशीच उरकावे.

इनस्क्रिप्ट शिकायला लोक उगाच घाबरतात. स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही त्याची मुख्य मांडणी एकदा कळली की पंधरवड्यात बोटे वळतात. ‘मराठी’ हा शब्द टंकताना ‘सी’च्या कळीवर म, ‘जे’वर र, ‘ई’वर काना, शिफ्ट दाबून अवतरणचिन्हाच्या कळीवर ठ आणि ‘आर’वर दीर्घ वेलांटी, अशा पाच कळा लागतात. शिफ्टसह ‘एन’ दाबले की ळ येतो. हलन्त ‘डी’वर आहे, आणि सगळी जोडाक्षरे त्याच्याच आधाराने होतात. मराठी माणसाला खास लागणारा ऱ शिफ्टसह ‘जे’वर मिळतो. ‘दर्या’ लिहिताना द, र, हलन्त, य, काना असे टंकावे. ‘दऱ्या’ लिहिताना त्या साध्या र ऐवजी ऱ घ्यावा. समुद्र आणि डोंगरातल्या घळी यांच्यातला फरक कळफलकावर फक्त एका शिफ्टचा आहे. आमच्या ग्रंथपालबाईंनी या कळांचा तक्ता स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर काढून पडद्याशेजारी चिकटवला आहे आणि आता सातवीतली मुले त्याकडे न पाहता टंकतात.

पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षरपद्धतीतच, लिहावे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतींत लिहिलेली फाइल तो टंक (फॉन्ट) नसलेल्या संगणकावर उघडली की अर्थहीन चिन्हे दिसतात, आणि ती बदलून देणारी संकेतस्थळे आपल्याजवळ नसतात. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता यांसारखे दोन-तीन मुक्त टंक आणि लिबर ऑफिससाठी मिळणारी मराठी शुद्धलेखन तपासणीची जोडणी सोबत उतरवून घ्यावी. बाहेरच्या दुकानातून काही छापून आणायचे असेल तर फाइलची पीडीएफ प्रत न्यावी. पीडीएफमध्ये टंक फाइलसोबतच जातो आणि मजकूर जसा दिसतो तसाच छापला जातो.

पाचवा टप्पा: ग्रंथसंग्रह भरणे

हा टप्पा मला सर्वांत प्रिय आहे, आणि त्यावर वेळ खर्च करायला मी कधी कचरत नाही. कीविक्स नावाची एक मुक्त प्रणाली आहे. ती संपूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये बांधलेल्या रूपात उघडून दाखवते, आणि त्यात शोध घेता येतो, दुव्यांवरून एका लेखातून दुसऱ्यात जाता येते, चित्रेही दिसतात. या फायलींना झिम म्हणतात. मराठी विकिपीडियाची सुरुवात २००३मध्ये झाली आणि आज तिच्यात ९० हजारांहून अधिक लेख आहेत. तिची झिम फाइल इंग्रजीच्या मानाने फारच लहान असून साध्या पेनड्राइव्हवर मावते. इंग्रजीची चित्रांसह पूर्ण प्रत मात्र १०० जीबीच्या आसपास किंवा त्याहून मोठी असते. तेवढी जागा वा वेळ नसेल तर चित्रे वगळलेली, किंवा प्रत्येक लेखाचा केवळ आरंभीचा भाग असलेली लहान प्रत मिळते. फाइलच्या नावातच ती कोणत्या वर्षाची व महिन्याची आहे हे लिहिलेले असते. ती तारीख वहीत टिपावी आणि वाचणाऱ्या मुलांनाही सांगावी, म्हणजे एखाद्या पदावर आज कोण आहे असल्या प्रश्नाचे जुने उत्तर ती नवे म्हणून लिहिणार नाहीत.

विकिपीडियाखेरीज विक्शनरी म्हणजे शब्दकोश आणि विकिस्रोतातील जुनी मराठी पुस्तके यांच्याही झिम फायली पाहाव्यात. बालभारतीची पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती इयत्तेनुसार फोल्डर करून ठेवावीत आणि फायलींची नावे ‘इयत्ता ७ भूगोल’ अशी मराठीत बदलावीत, कारण मूळ अंकी नावांवरून मुलांना काहीच बोध होत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये प्रथम निघाला आणि १८५७मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. स्वामित्वहक्क कधीच संपलेल्या या ग्रंथाची छायांकित प्रत सहज मिळते, आणि जुने शब्द शोधणाऱ्या वयस्कर वाचकांना तिचा विशेष आनंद होतो. स्वामित्वहक्क असलेली पुस्तके चोरून उतरवू नयेत. वाचनालयाने तरी ते पथ्य पाळलेच पाहिजे.

मोठी फाइल उतरवताना जोडणी मध्येच तुटली तर काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागू नये, म्हणून टॉरंट पद्धत वापरावी. कीविक्सच्या फायली तशाही मिळतात. टॉरंट प्रणाली जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होते आणि आलेला प्रत्येक तुकडा तपासूनही घेते.

आता एक अडचण, जिच्यात माझी पहिली फेरी वाया गेली. इंग्रजी विकिपीडियाची एक मोठी झिम फाइल मी ६४ जीबीच्या अगदी रिकाम्या पेनड्राइव्हवर टाकायला गेलो, तेव्हा जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येत राहिला. पेनड्राइव्ह खराब आहे असे समजून मी तशीच मोकळी पाठ घेऊन परतलो. खरे कारण असे की अनेक पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या मांडणीत येतात आणि त्या मांडणीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट मांडणीत नव्याने फॉरमॅट केला की हा प्रश्न सुटतो. मात्र फॉरमॅट केल्याने त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून आधी प्रत काढावी.

सहावा टप्पा: रंगीत तालीम

सगळे बसवून झाले असे वाटले की लगेच गावची वाट धरू नये. वायफाय बंद करावे, तार काढावी, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि वहीतले प्रत्येक काम एकदा करून पाहावे: मराठीत पत्र लिहावे, जतन करावे, पीडीएफ करावी, छापावी, विकिपीडियात ‘शिवनेरी’ शोधावे, एखादी ध्वनिचित्रफीत लावावी. लिनक्स मिंटमध्ये काही प्रकारच्या ध्वनिचित्रफितींसाठी लागणारे भाग वेगळे उतरवावे लागतात, ते राहिले असतील तर या वेळी नेमके उघडे पडतात. जे अडेल ते टिपावे, इंटरनेट पुन्हा जोडून दुरुस्त करावे आणि तालीम पुन्हा घ्यावी. दुसऱ्या तालमीत काही अडले नाही तरच खोके बांधावे.

सातवा टप्पा: पेनड्राइव्हची शिस्त

इंटरनेट नाही म्हणजे व्हायरस नाही, हा समज मनातून काढून टाकावा. २०१०मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात पोचला, आणि त्या केंद्रातील यंत्रे बाहेरच्या जाळ्याला जोडलेली नव्हती. तो पेनड्राइव्हसारख्या साधनांवरूनही पसरत असे. आपल्या गावात येणारा व्हायरस त्याहून फार साधा असतो, पण वाट तीच.

त्याचे रूप ओळखून ठेवावे. बाहेरच्या संगणकाला लावून आणलेला पेनड्राइव्ह उघडला की आपल्या फोल्डरांच्या जागी त्याच नावांची चिन्हे दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो आणि आकार एक-दोन केबी असतो. त्यावर दोनदा टिचकी मारली की व्हायरस संगणकात शिरतो. टिचकी मारू नये. बहुतेक वेळा मूळ फायली पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात, पुष्कळदा नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये. विंडोजमध्ये ‘व्ह्यू’खालील ‘हिडन आयटम्स’ चालू करून, आणि तेवढ्याने न दिसल्यास संरक्षित फायली दाखवण्याची सोय उघडून त्या शोधता येतात. लिनक्स मिंटला विंडोजची ही लपवाछपवी लागू होत नाही, त्यामुळे तिथे त्या उघड दिसतात आणि बाण असलेल्या फायली निवांत पुसून टाकता येतात. आमच्याकडे बाहेरून आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आधी मिंटच्या जुन्या संगणकाला लावण्याचा नियम आहे. तो नियम सरपंचांच्या पेनड्राइव्हलाही लागू होतो.

विंडोज वापरत असाल तर तिच्यासोबत येणाऱ्या डिफेंडर या व्हायरसरोधक प्रणालीची ताजी व्हायरस-माहिती स्वतंत्र फाइलच्या रूपात उतरवता येते. ती प्रत्येक फेरीत आणावी. पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढावा, कारण पडद्यावर फाइल गेलेली दिसली तरी तिचा शेवटचा भाग कधी कधी संगणकाच्या स्मृतीतच असतो. आणि पेनड्राइव्ह ही ने-आण करण्याची पिशवी आहे, कोठार नव्हे. वर्गणीची नोंद, इतिवृत्ते, मुलांचे लेखन यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी इमारतीबाहेर, एखाद्या जबाबदार सभासदाच्या घरी असावी. आमच्याकडे दर शनिवारी ही प्रत काढली जाते आणि काढणारा वहीत सही करतो.

घड्याळ आणि वीज

इंटरनेट असलेला संगणक आपली वेळ आपोआप सुधारून घेतो, आपला तसे करू शकत नाही. महिन्यातून एकदा रेडिओच्या वेळेशी ती पडताळावी. संगणक सुरू केल्यावर दर वेळी जुनीच तारीख दिसू लागली तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही रुपयाएवढी बॅटरी संपली असे समजावे. ती घड्याळजीकडेही मिळते. तारीख चुकीची असेल तर कोणती प्रत नवी आणि कोणती जुनी हे कळत नाही, आणि पुढे कधी इंटरनेट जोडले तर सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळ मधूनच साडेपाच तास मागे-पुढे होते. ते बिघाडाचे लक्षण नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक, आणि भारतीय वेळेचा फरक नेमका साडेपाच तासांचा आहे. मिंटला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की हे थांबते.

लिबर ऑफिसमध्ये चालू काम आपोआप वाचवून ठेवण्याचे अंतर मुळात १० मिनिटांचे असते, ते ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन २ मिनिटांवर आणावे. वीज गेल्यावर रडणाऱ्या मुलाची समजूत घालण्यापेक्षा हे सोपे.

आठवा टप्पा: एक संगणक, अनेक फोन

एका पडद्यापुढे दहा मुले बसू लागली की हा उपाय करावा. साधा वायफाय राउटर आणावा. त्याला इंटरनेटची तार जोडायची नाही, केवळ वीज द्यायची. संगणक त्याला जोडावा आणि कीविक्समधील स्थानिक सर्व्हरची सोय सुरू करावी. पडद्यावर अंकांचा एक पत्ता दिसतो. तोच पत्ता त्या वायफायवरच्या कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये घातला की संपूर्ण विकिपीडिया फोनवर उघडतो, एका पैशाचा डेटा न लागता. फोन मात्र ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ अशी तक्रार करून आपणहून मोबाइल डेटाकडे वळतात, त्यामुळे पान उघडत नाही असे वाटते. मोबाइल डेटा बंद करावा आणि ‘तरीही जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर आता संध्याकाळी मुले अशीच बसलेली असतात. रांग लावावी लागत नाही.

नववा टप्पा: महिन्याची फेरी

महिनाभर ज्याची ज्याची गरज पडली ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जावे: कोणा शेतकऱ्याला हवा असलेला योजनेचा नमुना अर्ज, कोणा विद्यार्थ्याला हवी असलेली जुनी प्रश्नपत्रिका. ईमेल थंडरबर्डमध्ये गावातच सावकाश लिहून ‘नंतर पाठवा’ या पर्यायाने ठेवावीत. जोडणी मिळाल्यावर न पाठवलेली पत्रे पाठवण्याची आज्ञा दिली की ती रवाना होतात आणि आलेली पत्रे उतरतात, मग त्यांना उत्तर परतल्यावर लिहिता येते. संकेतस्थळावरचे एखादे पान हवे असेल तर ते पीडीएफ करून आणावे.

फेरीसाठी तालुक्यालाच जावे असे नाही. आमच्याकडे गावाबाहेरच्या टेकडीवर फोनला रेंज येते. लॅपटॉप तिथे नेऊन फोन तारेने जोडला आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, सुरू केले की काम होते. विंडोज असेल तर त्याआधी ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणजे मोजक्या डेटाची म्हणून नोंदवावी, नाहीतर विंडोजची मोठमोठी अद्ययावतीकरणे दिवसाचा डेटा पहिल्या काही मिनिटांतच संपवतात आणि वहीतली यादी तशीच राहते.

परतल्यावर आणलेल्या फायली आधी मिंटवर तपासाव्यात, मग आपापल्या फोल्डरमध्ये टाकाव्यात, आणि वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे ‘आणले’ असे लिहून तारीख घालावी. ज्याने मागितले होते त्याला त्याच दिवशी निरोप द्यावा.